मस्टर उचलायची वेळ

शनिवारी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर बसून सुक्या बोंबलांची मुंडकी छाटत होतो. पावसाळ्यात ताजं म्हावरं मिळत नाही, म्हणून एप्रिलातच बोंबील साफ करून डब्यात भरायचे, ही आमच्या घरची दरवर्षीची आगोट. कात्री तिच्या हातात, विळी माझ्या पायाखाली. माझं छाटणं तिला कधीच पसंत पडलं नाही. "अवो, अर्धा बोंबील मुंडक्याबरोबर गेला. आगोट आपल्याला भरताय का मांजराला?" असं म्हणून ती माझ्या पुढ्यातली मुंडकी पुन्हा चिवडत होती.

रविवारी सकाळी ती चहा ठेवायला बसली आणि तिथंच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. एक्केचाळीस वर्षांचा संसार. संध्याकाळी आम्ही तिला पोचवून आलो.

तिचं नाव यमुना. माहेर चिंचोटीकडचं, भातशेतीचं घर. मी निर्मळचा. इथल्याच एका मराठी शाळेत मी शिपाई होतो. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, नामदेवमामा, शाळेबद्दल लिहा. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. तर तसंच लिहितोय. कुठे शुद्धलेखन चुकलं तर त्यांनी बघावं, त्यांचं कामच ते.

शिपाई म्हणजे घंटा देणारा आणि साहेबांना पाणी नेणारा, असं बाहेरच्यांना वाटतं. ते करतोच. पण शाळेत नवीन शिक्षक आला की त्याला खरा तयार करतो तो शिपाई, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कागदावर त्याची पद्धत वेगळी आहे. आधी पदविका, मग पात्रता परीक्षा, मग यादीत नाव, मग नेमणुकीचा कागद. रुजू झाला की लगेच पक्का शिक्षक होत नाही. तीन वर्षं त्याला 'शिक्षण सेवक' म्हणतात. बाई असेल तर 'सेविका'. त्या काळात पूर्ण पगार नाही, मानधन. मध्ये प्रशिक्षणाला बोलावतात, तिथून जाड पुस्तकं घेऊन येतात. दरवर्षी मुख्याध्यापक लिहितात, काम समाधानकारक आहे की नाही. तीन वर्षं झाली की शाळा समिती ठराव करते, फाईल वर जाते, आणि मग माणूस कायम. अहवाल वाईट गेला तर मुदत वाढते, नाहीतर घरी बसावं लागतं. तीन वर्षं घासलेली असतात, आणि शिक्का बसलेल्या माणसाला दुसरी शाळा उभी करत नाही.

या तीन वर्षांत नवीन माणूस कसा घडतो ते वऱ्हांड्यातून दिसतं. मी वर्गात डोकावत नसे. आवाजावरून कळायचं. आवाज मुळीच येत नसेल तर पोरं घाबरलीत किंवा झोपलीत. सारखा येत असेल तर गुरुजी हरलेत. मध्येच आवाज चढतो, मग शांत, मग पुन्हा चढतो, तो वर्ग चांगला चाललाय. एक सर आले होते, विद्यापीठात पहिले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा घसा बसला. पाणी द्यायला गेलो तेव्हा सांगितलं, "सर, तुम्ही फळ्यापाशी उभं राहून ओरडता. शेवटच्या बाकाजवळ जाऊन हळू बोला. पुढची पोरं आपोआप कान देतात." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही स्टुलाला वाचा फुटली. पण दुसऱ्या दिवशी केलं. आता ते एका शाळेचे मुख्याध्यापक आहेत आणि नवीन मास्तरांना हीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगतात. सांगू देत.

दुसरे एक विज्ञानाचे सर. त्यांचा पाठ बघायला मुख्याध्यापक वर्गात बसणार होते. नवीन माणूस अशा दिवशी घाबरलेला असतो. या सरांनी काय केलं, तोच पाठ आदल्या दोन दिवसांत त्याच वर्गाला दोनदा शिकवून ठेवला. मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले, सरांनी मेणबत्ती पेटवली, आणि पहिल्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "सर, आता ग्लास ठेवायचा ना? काल मी ठेवलेला, आज हिची पाळी आहे." मुख्याध्यापक हसत बाहेर आले. मला म्हणाले, "नामदेव, तयारी चांगली आहे हो!" अहवाल त्यांनी चांगलाच दिला. माणूस घाबरतो म्हणजे त्याला कामाची किंमत आहे, असं ते म्हणायचे. मोठ्या मनाचे होते.

मी निवृत्त झालो तरी शाळा सुटली नाही. शिपायाची जागा वरून भरलीच नाही. मुख्याध्यापक म्हणाले, मामा, सकाळचे तीन तास येत जा. मी जात राहिलो. घंटा, दारं, कुलपं, आणि मस्टर.

मस्टर म्हणजे शिक्षकांच्या सह्यांचं पुस्तक. ते ऑफिसबाहेरच्या टेबलावर असतं. आमची शाळा सकाळी सातची. सातला मी मस्टर उचलून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचं. त्यानंतर जो येईल त्याने आत जाऊन सही करायची आणि सर तिच्यापुढे लाल शाईने खूण करणार. तीन लाल खुणा म्हणजे एक रजा गेली. जुन्या शिक्षकाला त्याचं फार काही नाही. शिक्षण सेवकाच्या फाईलीत मात्र प्रत्येक लाल खूण जाऊन बसते.

आणि सात वाजले हे ठरवायचं ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळाने. त्या घड्याळाचा धनी मी. सेल मी बदलायचा, वेळ मी लावायची.

आता खरं सांगतो. ते घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं. चुकून नव्हे. पूर्वीच्या एका मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं, नामदेव, घड्याळ थोडं पुढे ठेव, म्हणजे प्रार्थनेला पोरं वेळेवर उभी राहतील. मी ठेवलं. ते सर गेले, दुसरे आले, ते गेले, परेरा सर आले. मला कोणी मागे कर म्हणालं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही. शिक्षक बहुतेक आसपासचे, सायकल-स्कूटरवाले. त्यांना शाळेचं घड्याळ अंगवळणी पडलेलं. मस्टर बरोबर सातला उचलायचा नियम परेरा सरांनी कडक केला. सर माणूस सरळ, पण नियमाला घट्ट.

त्याच वर्षी सुजाता मॅडम रुजू झाल्या. हिंगोलीकडच्या. यादीतून आमची शाळा वाट्याला आली. नालासोपाऱ्यात दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायच्या. स्टेशनवरून पहिली बस धरून निर्मळला उतरायच्या. बस सातला चार-पाच मिनिटं कमी असताना पोचायची. तिच्या आधी बस नाही, आणि शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. म्हणजे खऱ्या वेळेने बाई वेळेवर. माझ्या घड्याळाने उशिरा. बस जरा लवकर आली त्या दिवशी निभायचं, नाहीतर लाल खूण.

पहिल्याच आठवड्यात टेबलापाशी त्यांनी मोबाईल पुढे केला. चार शिक्षक उभे होते. "मामा, तुमचं घड्याळ चुकतंय की. हे बघा, अजून सात व्हायचे आहेत."

आवाज चढलेला नव्हता. पण मला ते लागलं. माझ्या घंटेवर गावातल्या बायका कुकर लावायच्या. आठ दिवसांची पोरगी मला वेळ शिकवणार?

परेरा सर बाहेर आले. "काय आहे मामा? घड्याळ?"

मी म्हणालो, "घड्याळ बरोबर आहे, सर."

एवढंच बोललो. सरांनी मान हलवली आणि मॅडमना म्हणाले, "शाळेत शाळेचं घड्याळ चालतं, मॅडम." बाकीचे चार शिक्षक सही करून वर्गावर गेले. त्यांच्याही खिशात मोबाईल होते. मस्टरवरून वाकड्यात शिरायला कोणाला नको असतं. मॅडम पुन्हा त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत. आत जायच्या, सही करायच्या, लाल खूण घ्यायच्या, वर्गावर जायच्या.

दोन-चार दिवसांत माझा राग उतरला. तेव्हा काटा मागे करता आला असता. पण मग लोक म्हणाले असते, म्हणजे ती बरोबर बोलत होती. म्हणून नाही केला. मग महिना झाला, मग वर्ष झालं. जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड झालं.

शिकवायला बाई कशी होती, तेही सांगितलं पाहिजे. गुणोत्तर शिकवायला सातवीचा वर्ग शेजारच्या केळीच्या वाडीत घेऊन गेल्या. एका ओळीत किती केळी, दोन केळींमध्ये किती हात अंतर, घड किती, फण्या किती. वाडीचा मालक माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "नामदेव, तुझी पोरं माझ्या घडांवर खडूने आकडे लिहितात." मी म्हटलं, मोजून देतायत, आभार मान. वाचता न येणारी पाच-सहा पोरं सुट्टीनंतर थांबवून घ्यायच्या. तिसऱ्या वर्षी दिवाळीला गावी गेल्या नाहीत, त्या पोरांसाठी. माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. उलट गावाहून आल्या की मामींसाठी घरच्या तुरीची डाळ आणायच्या. यमुनेला वाटायचं, केवढी जवळीक आहे आमची. मी डाळ खायचो आणि गप्प बसायचो.

तिसरं वर्ष संपत आलं. त्या शुक्रवारी लिपिकाने फाईल माझ्या हातात दिली, सरांच्या टेबलावर ठेवायला. सोमवारी दहा वाजता शाळा समितीची सभा होती. फाईल मी उघडायची नसते. उघडली. मला छापील अक्षर जुळवायला वेळ लागतो. 'वक्तशीरपणा' एवढं वाचलं, आणि त्याच्या पुढचा शब्द अक्षर-अक्षर लावून वाचला. 'असमाधानकारक.' खाली होतं, वारंवार उशिरा येण्याची सवय, सेवा पुढे चालू ठेवण्याची शिफारस करता येत नाही. सोबत तीन वर्षांच्या मस्टरची झेरॉक्स जोडलेली. झेरॉक्समध्ये लाल रंग उमटत नाही, पण त्या खुणा मी ओळखत होतो.

शनिवारी बोंबील छाटताना मी ते यमुनेला सांगितलं. पहिल्यापासून. ती कात्री चालवत ऐकत होती. मग कात्री थांबली.

"म्हंजे घड्याळ पुढं होतं ते तुमाला म्हाईत होतं?"

"होतं."

"आनि सरांना बरोबर हाय म्हनून सांगितलात?"

"हो."

"कशाला पन?"

"चारचौघांत बोलली ती मला."

"खरं बोलली ना?"

मी पुढचा बोंबील विळीवर धरला.

"तिची डाळ खाल्ली मी तीन वरसं," ती म्हणाली. "मला म्हाईत असतं तर घशाखाली उतरली नसती. सोमवारी जा आनि सांगा."

"समितीपुढे? छत्तीस वर्षं नोकरी केली मी. जाताना शाल-श्रीफळ दिलं त्याच लोकांनी."

"शाल परत मागत नाय कोन. द्या इकडं ती विळी, बोंबलाची वाट लावलीत सगळी."

पुढं ती त्यावर बोललीच नाही. मेथीची भाजी महाग झाली, सुनेचा फोन आला नाही, असंच काहीबाही बोलत राहिली. मी सोमवारी जाणार हे तिने धरूनच टाकलं होतं. मी मात्र ठरवलं नव्हतं. खोटं कशाला लिहू? मी मनात म्हणत होतो, सरांना एकट्यात गाठून सांगू, त्यांचं ते बघून घेतील, समितीपुढे कशाला. मग रविवार उजाडला.

सोमवारी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मुलगा विरारहून आलेला, सून, भाचे, पाहुणे. मी अंघोळ करून धोतर नेसलो आणि चप्पल घातली. मेव्हणा दारात होता. यमुनेचा धाकटा भाऊ, कामणला असतो.

"दाजी, कुठं निघालाव?"

"शाळेत."

"आज? सुतकात? लोक काय बोलतील? ताईची राख गरम हाय अजून."

"तुझ्या ताईनेच काम सांगितलंय."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, मी गाडीवर सोडतो." मी म्हटलं, चालत जाईन. कोणाला शिवायचं नव्हतं आणि कोणाशी बोलायचंही नव्हतं. मेव्हणा तरीही दहा पावलं मागून येतच होता.

शाळेत पोचलो तेव्हा ऑफिसात सभा सुरू झाली होती. आत अध्यक्ष, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, परेरा सर, दोन सभासद आणि लिपिक. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. मला बघून अण्णा उठलेच.

"अरे नामदेव! आत्ताच कळलं मला. मी दुपारी येणारच होतो घरी. तू कशाला आलास बाबा?"

"सुजाता मॅडमचा विषय झाला का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. परेरा सर म्हणाले, "मामा, तो विषय चालू आहे. पण तुम्ही घरी जा. आज तुमचं मन ठिकाणावर नसणार."

"नाही ठिकाणावर," मी म्हणालो. "पण तुमच्या डोक्यावरचं घड्याळही ठिकाणावर नाही. कोणीतरी मोबाईल काढा आणि वेळ बघा."

लिपिकाने काढला. एकदा मोबाईल, एकदा भिंत. "सहा मिनिटं पुढे आहे," तो म्हणाला.

"आज झालं असेल," एक सभासद म्हणाले.

"आज नाही. पंधरा-सोळा वर्षं झाली. मी ठेवलंय. तेव्हाच्या सरांनी सांगितलं होतं, पोरांसाठी. मॅडम रुजू झाल्या त्या आठवड्यात त्यांनी हे सांगितलं होतं. परेरा सरांनी मला विचारलं, आणि मी खोटं बोललो. मस्टर मी सातला उचलत नव्हतो, सातला सहा मिनिटं कमी असताना उचलत होतो. ती बाई वेळेवर येत होती."

परेरा सर माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मामा, मी तुमच्या शब्दावर सही केली तीन वर्षं."

"हो सर."

"पण का?"

तेव्हा वाटलं, काहीतरी बरं उत्तर द्यावं. विसरलो, वय झालं, सेल खराब होता. तोंडाशी आलं होतं. पण मागे वऱ्हांड्यात यमुनेचा भाऊ उभा होता.

"चारचौघांत तिने माझं घड्याळ चुकतंय म्हटलं," मी म्हणालो. "म्हणून."

मग परेरा सरांनी कपाटातून मूळ मस्टर काढायला लावलं. सर माणूस नियमाला घट्ट, पण सरळ, हे मी आधीच लिहिलंय. उशिरा आलेल्याची वेळ ते लाल खुणेशेजारी लिहीत असत, तीही शाळेच्या घड्याळाची. लिपिक पान उलटत होता आणि सर प्रत्येक वेळेतून सहा मिनिटं वजा करत होते. तीन वर्षांत खऱ्या उशिराच्या अशा दोनच खुणा निघाल्या. एकदा बस बंद पडली होती, एकदा मॅडमना ताप होता.

"अहवाल मी नव्याने लिहितो," सर म्हणाले. अण्णांनी लिपिकाला सांगितलं, ठराव कायम करण्याचा लिहा. मग अण्णा मला म्हणाले, "तुझं म्हणणं कागदावर लागेल, नामदेव. लिपिक लिहितील, तू सही कर."

"मी लिहितो," मी म्हणालो.

लिपिकाने कागद आणि पेन उंबऱ्यावर ठेवलं. मी वऱ्हांड्यात खाली मांडी घालून बसलो आणि लिहिलं. घड्याळ पुढे होतं. मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं. एवढं लिहायला मला बराच वेळ लागला. खाली सही केली आणि कागद आत सरकवला.

उठून वळलो तर सुजाता मॅडम वऱ्हांड्याच्या टोकाकडून पळत येत होत्या. त्यांना यमुनेचं कोणीतरी नुकतंच सांगितलं असावं, सभेतलं अजून काही कळलेलं नव्हतं. डोळे भरलेले. "मामा, मामी..." म्हणत त्या पायाला हात लावायला वाकल्या. मी दोन पावलं मागे सरलो.

"शिवू नका, सुतक आहे," मी म्हणालो. "आणि पाया पडायच्या आधी आत जाऊन सरांना विचारा, मी काय केलंय ते. मग वाटलं तर घरी या. नाही वाटलं तर नका येऊ. आम्ही दोघंही समजून घेऊ."

'दोघंही' म्हटलं ते बोलून गेल्यावर कळलं. त्या आत गेल्या. मी पायऱ्या उतरलो. घराकडे निघालो तेव्हा मेव्हणा दहा पावलं मागे नव्हता, बरोबर चालत होता.